घरचा फोन चुकेल म्हणून मोबाइल हातातच राहतो?

होस्टेलवर अभ्यासाला बसलं की ‘घरून फोन आला तर?’ या धास्तीने मोबाइल उचलला जातो आणि मग अर्धा तास रील्समध्ये जातो. अँड्रॉइडवर हे करा:

१. आई-बाबांच्या नंबरला कॉन्टॅक्टमध्ये स्टार द्या.
२. ‘डू नॉट डिस्टर्ब’ (फोनचे आवाज बंद ठेवणारी सेटिंग) चालू करा आणि त्यात फक्त स्टारवाल्यांच्या कॉलना परवानगी ठेवा. ‘रिपीट कॉलर’ही चालू करा; तोच नंबर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आला की रिंग वाजते.
३. रिंगचा आवाज मोठा करून फोन कपाटात टाका. टेबलावर पालथा ठेवणं म्हणजे नुसतं नाटक.

घरी सांगून ठेवा: तातडीचं असेल तर साधाच कॉल लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये अलार्मची परवानगी चालू आहे ना, तेवढं बघा. नाहीतर सकाळचा पेपर झोपेत जायचा.