वावरातले शब्द वहीत कसे आणावे

आमच्या यवतमाळकडच्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द टिपायचे असतील तर वावरात जाताना वही घरी ठेवा. वही दिसली की माणसं शाळेतली मराठी बोलायला लागतात. रोज ‘पराटी’ म्हणणारी मावशी तुम्हाला ‘कपाशी’ सांगते. त्यापेक्षा तिच्या शेजारचा तास, म्हणजे पराटीची ओळ, धरून कापूस वेचा. ओटी भरत गेली की बोलणं आपसूक निघतं. मग त्याच रात्री लिहून काढा. सकाळपर्यंत शब्द राहतो, वाक्य जातं.

आणि हवं असतं ते वाक्यच. ‘तास म्हणजे ओळ’ एवढ्यानं काही हाती लागत नाही. “तुह्या तासाले कापूस राह्यला ना वं!” हे लिहिलं की तास वाटून घेतलेला असतो, मागं राहिलेल्या बोंडाचा जाब जिचा तास तिलाच द्यावा लागतो, हे सगळं सोबत येतं. उच्चार ऐकला तसाच ठेवा. डोळ्याचा ‘डोया’, केळीची ‘केयी’. तुम्ही सुधारलात की तो शब्द त्या माणसाचा राहिला नाही.

काही शब्द मात्र तोंडातून काढून घ्यायला जाऊ नका. वावरात सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’. संध्याकाळी दुकानही ‘वाढवतात’. ताटात वाढायचं, लेकरानं वाढायचं, आणि मोडणं-संपणंही त्याच शब्दाआड ठेवायचं! बोललेलं घडतं, असं मानणाऱ्या माणसांची ही भाषा आहे. माझ्या लेखी वहीचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, म्हणून त्याला वेगळी पानं द्या. कोणता शब्द टाळला, त्याजागी काय आलं, कोणत्या वेळी, कोणासमोर, सगळं नोंदवा.

शब्दकोश शेवटी उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७) इंटरनेटवर फुकट चाळता येतो. पण कोशातला अर्थ म्हातारीच्या अर्थावर लादू नका. पहिल्या वेचणीला आपल्याकडे सीतादही करतात, वावरात पूजा करून दहीभात वाहतात. विचाराल तर सीतामायचं नाव सांगतील. संस्कृतात ‘सीता’ म्हणजे नांगरानं पडलेली रेघ, आणि जनकराजाला सीता सापडली तीही जमीन नांगरतानाच. दोन्ही लिहा.

तेराव्या शतकात, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हाइंभटांनी लीळाचरित्र असंच जमवलं. चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना ते विचारत गेले, आणि आठवणी जुळल्या नाहीत तिथं निरनिराळे पाठ नोंदवले.

सुरुवात बैलांची तिफन, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, हाकलेल्या माणसांपासून करा. पेरणी ट्रॅक्टरवर गेली, तसं चाडं, म्हणजे तिफनीवरचा बी सोडायचा पेला, कोणाच्या हाती राहिलं नाही. ‘चाड्यावर मूठ धरली’ म्हणजे पेरणीला हात घातला, हे आता नातवाला समजावून सांगावं लागतं.

उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, पराटी उपटून झाली, की जमलेले शब्द लावायला बसा. अ-आ-इ प्रमाणे लावू नका. वखरणी, पेरणी, डवरणी, निंदण, वेचणी असे कामाच्या क्रमानं लावा, आणि ज्याचा शब्द त्याला वाचून दाखवा. चुकलं असेल ते तोच सांगेल. नाव घालायचं तर त्याला विचारूनच घाला.