क्रुसेलचे कागद मालवणात

लग्नाच्या बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरोनेट वाजवलं, सगळं कानावर. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, वाचायला बसलो तो क्लॅरोनेटवादक आणि रचनाकार बेर्नहार्ड क्रुसेलमुळे. हा १७७५ साली फिनलंडात जन्मला आणि अगदी पोरवयात स्वेआबोर्ग या समुद्रातल्या किल्ल्यावर लष्करी बँडमध्ये वाजवू लागला. आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग. हे कळलं त्या दिवसापासून तो मला गाववालाच वाटतो.

त्याचे क्लॅरोनेटचे तीन कंचेर्टो आहेत, म्हणजे एकट्या वाद्यासाठी ऑर्केस्ट्राच्या साथीने रचलेले मोठे तुकडे. सुरुवात एफ मायनर या स्वरपट्टीतल्या, ओपस ५ पासून करा (ओपस म्हणजे रचनाकाराच्या रचनेचा क्रमांक). मधला संथ भाग आधी बसवा. बँडवाल्याची बोटं चपळ असतातच, खरी परीक्षा श्वासाची, आणि ती इथे होते.

नोटेशनचे कागद आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथे 'क्लॅरोनेट' शोधलंत तर ढिगाऱ्यात हरवाल. रचनाकाराचं आडनाव टाका, मग ओपसचा आकडा बघा. पूर्ण ऑर्केस्ट्राचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन, छापू नका, उगाच कागद जातो. फक्त क्लॅरोनेटचा पार्ट आणि साथीला पियानोचा.

छापण्याआधी पार्टच्या डोक्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. जर्मन छपाईत 'बी' म्हणजे आपला बी-फ्लॅट. साध्या बी स्वराला ते 'एच' म्हणतात. तेव्हा 'क्लॅरोनेट इन बी' दिसलं तर घाबरू नका, ते आपलंच नेहमीचं बी-फ्लॅट वाद्य. 'इन ए' असेल तर मात्र थांबा, ते अर्धा स्वर खालचं वेगळं क्लॅरोनेट. शूमानच्या ओपस ७३ चा ए-क्लॅरोनेटचा पार्ट मी तसाच घेऊन चर्चमध्ये पियानोसोबत बसलो. पहिल्या ओळीपासून मी अर्धा स्वर वर! शेवटी सी मायनरमध्ये छापलेला पहिला तुकडा हाताने बी मायनरमध्ये उतरवला. पावसाळ्याचा एक आठवडा त्यात गेला, पण तो तुकडा आता पाठ आहे.

क्रुसेल पचला की क्रोमरचा ई-फ्लॅट कंचेर्टो, ओपस ३६. घरच्या बैठकीला गाडं या रचनाकाराचे चार छोटे तुकडे बरे, ओपस ४३, १८६४ सालचे. आणि स्टॅनफर्डचा १९११ चा सोनाटा, ओपस १२९: त्याचा मधला भाग आयर्लंडच्या बायकांच्या मृत्युविलापावर बेतलेला आहे. तो मी अजून कुणासमोर वाजवलेला नाही.

आपल्याकडे रचनाकार गेल्यानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणून ही मंडळी मोकळी. नव्याने संपादित केलेली आवृत्ती मात्र विकतच घ्यावी.

झेरॉक्सवाल्याला लेझर प्रिंट सांगा. जुलैच्या दमट हवेत इंकजेटची शाई पसरते. तीन पानं शेजारी-शेजारी चिकटपट्टीने जोडा, म्हणजे पान उलटायला वाजवणं थांबवावं लागत नाही.