शाळा उघडण्याआधी ती एकदा चालून बघा

कोविडच्या महासाथीत शाळा पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एकाच कारभाराखालच्या, 11 शाळांसाठी मिळून एकच योजना तयार होती, 43 पानांची. मी आणि आणखी पाच जणांनी ती बसून लिहिली होती. तुकड्या, पाळ्या, सॅनिटायझरचा हिशोब, सगळं त्यात होतं. खिडक्यांवर एक ओळ होती: "वर्गातल्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात." मग एका शाळेत तळमजल्यावरच्या वर्गात गेले आणि खिडकीला हात लावला, तर ती हलेचना. देखभालीचे काका मागून म्हणाले, "बाई, या नाही उघडत. रंगात चिकटल्यात सगळ्या. दहा वर्षं तरी झाली असतील." त्या बाजूच्या आठ खिडक्यांपैकी एकच उघडत होती.

म्हणून ज्यांच्यावर कधी एकदम अनेक शाळा उघडायची जबाबदारी येईल त्यांना माझं पहिलं सांगणं हे की योजना टेबलाशी बसून लिहू नका, शाळेत चालत लिहा. एक मूल घरातून निघतं तिथपासून घरी पोचेपर्यंत कुठे थांबतं, कुणाला खेटून बसतं, मास्क कुठे खाली करतं, हे स्वतः त्याच्या वाटेने जाऊन बघा. बरोबर टेप, घड्याळ आणि इमारतीच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो माणूस घ्या. शाळेतलं काय चालतं आणि काय नुसतं भिंतीवर आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

सुरुवात हवेपासून करा. कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत आम्ही सगळे बाकं पुसत बसलो, कारण तेव्हा भीती स्पर्शाची होती. पुढे स्पष्ट झालं की हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो, आणि बंद खोलीत बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) एप्रिल 2021 मध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारण 10,000 मध्ये एकाहून कमी आहे. तोवर आमचे कितीतरी तास आणि पैसे फवारणीत गेले होते. रोजची नीट साफसफाई आणि साबणाने हात धुणं पुरे. धुराळणी करणारी यंत्रं घेऊ नका, ते पैसे हवेसाठी ठेवा.

वर्गातली हवा खेळती आहे का, हे नाकाला कळत नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घ्या. प्रत्येक वर्गाला एक नसलं तरी चालेल, एका शाळेत दोन-तीन फिरवता येतात. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो, आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे 40,000. म्हणजे वर्गात आकडा 800 दिसला, तर आपण आत घेतो त्या हवेतला साधारण शंभरावा भाग दुसऱ्या कुणाच्या तरी फुफ्फुसातून आलेला आहे. त्या चिकटलेल्या खिडक्यांच्या वर्गात आम्ही 24 मोठी माणसं बसवली, दार लावलं आणि तासाभराची बैठक घेतली. पस्तिसाव्या मिनिटाला आकडा 1,800 च्या वर होता. दुसऱ्या दिवशी काकांनी पटाशी आणि खरवडणी घेऊन चार खिडक्या मोकळ्या केल्या. दोन या टोकाच्या, दोन त्या टोकाच्या. दार उघडं ठेवून तीच माणसं पुन्हा बसली, तर आकडा 750 च्या आसपास टेकला. शिक्षकांना मी कितीही समजावलं असतं तरी पटलं नसतं इतकं त्यांना त्या दोन आकड्यांनी पटलं.

खिडक्या उघडतील तिथे समोरासमोरच्या उघडा, एकाच भिंतीच्या नकोत. सगळ्या एक वीतभर उघड्या राहिल्या तर एक सताड उघडी ठेवण्यापेक्षा बरं. थंडीत मुलं कुडकुडतात ही तक्रार येईलच, तेव्हा वर्गात जाड कपडे घालायची मुभा द्या आणि तासांच्या मधल्या वेळात खिडक्या पूर्ण उघडा. ही कल्पना नवी नाही. 1908 मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात क्षयाच्या भीतीने उघड्या हवेची शाळा सुरू झाली होती. भर हिवाळ्यात मुलं खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात उबदार पिशव्यांत पाय घालून, गरम केलेले दगड जवळ घेऊन बसत.

इमारतीत यंत्राने हवा फिरत असेल तर आधी एक साधी गोष्ट बघा: पंख्याचं बटण 'ऑटो'वर आहे की 'ऑन'वर. ऑटोवर असेल तर हवं ते तापमान आलं की पंखा थांबतो आणि हवा जागच्या जागी राहते. आमच्या तीन शाळांत हेच होतं आणि सुधारायला एक पैसा लागला नाही. मुलं येण्याआधी दोन तास आणि गेल्यावर दोन तास हवा चालू ठेवा. जाळीवर टिश्यू पेपरची पट्टी धरा. हवा ओढून घेणाऱ्या जाळीला ती चिकटली पाहिजे. चिकटली नाही तर ती जाळी फक्त शोभेची आहे. यंत्रातला फिल्टर एमईआरव्ही 13 दर्जाचा, म्हणजे बारीक कणही अडवणारा, बसवता आला तर उत्तम, पण जुनं यंत्र त्यातून हवा ढकलू शकेल का हे तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय बदलू नका.

हे काहीच जमत नसेल तिथे हवा गाळणारं यंत्र ठेवा, पण हिशोब करून. समजा वर्ग 9 मीटर लांब, 7 रुंद आणि 3 उंच आहे. म्हणजे 189 घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा बदलायची तर 945 घनमीटर साफ हवा लागेल. विक्रेत्याच्या यंत्राचा आकडा तासाला 300 घनमीटर असेल तर एक यंत्र म्हणजे तासाला दीडच वेळा. आणि तो आकडा सर्वांत जास्त वेगाचा असतो! त्या वेगाला आवाज इतका होतो की शिक्षक दहा मिनिटांत यंत्र बंद करतात. मी स्वतः वर्गावर असते तर मीही केलं असतं. म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. पैसे कमी असतील तर 2020 मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी पुढे आणलेली पेटी करा: चार बाजूंना चार एमईआरव्ही 13 फिल्टर, वर एक चौकोनी पंखा, खाली पुठ्ठा आणि सगळ्या फटींवर चिकटपट्टी. आमच्याकडे आठवीच्या मुलांनी एका दुपारीत नऊ पेट्या केल्या. प्रत्येकीवर त्यांनी नाव लिहिलं, आणि आपल्या नावाची पेटी चालू आहे ना हे ती रोज बघून जात.

पाण्याचं काम छोटं आहे पण विसरू नका. महिनोन् महिने साचलेल्या नळांत न्यूमोनिया करणारा लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो. प्रत्येक नळ उघडून पाणी बराच वेळ वाहू द्या. स्वच्छतागृहातल्या जमिनीवरच्या जाळ्यांतही बादलीभर पाणी ओता. तिथलं पाणी आटलं की गटाराचा वास आत येतो.

आता माणसं. बाकांमधलं अंतर ठरवताना आकड्याचा जो हट्ट धराल तो किती मुलांना वर्गाबाहेर ठेवतो ते आधी मोजा. जागतिक आरोग्य संघटना एक मीटर सांगत होती. सीडीसी आधी सहा फूट सांगत होती, तिने मार्च 2021 मध्ये मास्क असलेल्या वर्गांसाठी ते तीन फुटांवर आणलं. वर सांगितलेल्या मापाच्या वर्गात सहा फुटांनी आमची 16-17 मुलं बसत होती. म्हणजे निम्मी मुलं दिवसाआड घरी. ज्या घरात आईवडील दोघं कामावर जातात तिथे दिवसाआड शाळा म्हणजे काय, हे योजना लिहिणाऱ्याने एकदा स्वतःच्या घरावर घेऊन बघावं.

अंतरापेक्षा मला तुकडी जास्त महत्त्वाची वाटते: तीच मुलं, तेच शिक्षक, तीच खोली, तेच दार. डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 ला, युरोपात सर्वांत आधी, लहान मुलांच्या शाळा उघडल्या त्या अशाच. छोटे गट, येण्याजाण्याच्या वेगळ्या वेळा, होता होईल तितकं शिकवणं मैदानावर. यात एक मूल आजारी पडलं तर एक तुकडी घरी जाते, शाळा चालू राहते. इस्रायलचं उदाहरण उलटं आहे. तिथे मे 2020 मध्ये पूर्ण वर्ग भरले, पाठोपाठ उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती काही दिवस उठली, आणि बंद वर्गांत एसी चालू राहिले. एका माध्यमिक शाळेत 153 विद्यार्थी आणि 25 कर्मचारी बाधित झाले. एकाच वेळी सगळ्या कड्या सुटल्या. तुमच्या योजनेत 'फार उकाडा झाला तर काय' आणि 'दिवसभर पाऊस लागला तर काय' याची उत्तरं लिहिलेली हवीत. मास्क आणि खिडक्या नेमक्या त्याच दिवशी जातात.

बस हा सर्वांत अरुंद भाग आहे. त्यामुळे शाळेची वेळ बसवरून ठरवा, बसची वेळ शाळेवरून नको. भरताना मागून पुढे, उतरताना पुढून मागे. भावंडं एका बाकावर. पुढच्या आणि मागच्या काही खिडक्या चार बोटं उघड्या. चालकाला विचारा. आमच्या एका चालकानेच सांगितलं की दोन फेऱ्या केल्या तर दुसऱ्या फेरीची मुलं पहिल्या तासाला कधीच पोचणार नाहीत. आम्ही 43 पानांत ते पाहिलं नव्हतं.

फाटकावर ताप मोजायला रांग लावू नका. लक्षणं दिसण्याआधी दोन दिवसही माणूस संसर्ग देऊ शकतो, तो ताप मोजायच्या बंदुकीत सापडत नाही. उलट रांगेतच गर्दी होते. त्यापेक्षा घरातून निघतानाच पालकांनी बघावं आणि शंका असेल तर मुलाला ठेवून घ्यावं. हे खरंच घडावं असं वाटत असेल तर पूर्ण हजेरीची बक्षिसं त्या वर्षापुरती बंद करा आणि घरी राहिलेल्या मुलाचा अभ्यास बुडणार नाही याची हमी द्या.

मग रंगीत तालीम. उघडण्याच्या दहा दिवस आधी आम्ही एका शाळेत शिक्षकांनाच मुलं केलं. बसमधून उतरले, हात धुतले, वर्गात गेले, जेवले, एकाला मुद्दाम खोकला आला. हात धुवायला 24 जण, दोन नळ. प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं होतं, पण बाह्या सरसावण्यापासून हात पुसण्यापर्यंत धरून एका तुकडीला आठ मिनिटं लागली. दिवसातून चार वेळा म्हणजे 32 मिनिटं, आणि वेळापत्रकात त्यासाठी शून्य. खोकणाऱ्या 'मुला'ला ज्या खोलीत बसवायचं होतं ती गाठायला त्याला तीन तुकड्यांच्या मधून जावं लागलं, आणि त्या खोलीला खिडकीच नव्हती. दोन्ही चुका त्याच संध्याकाळी सुधारल्या. जेवणाच्या वेळेचंही तेव्हाच ठरलं. मास्क उतरतात आणि आवाज चढतात ती वेळ ती, म्हणून बाहेर, नाहीतर आपापल्या वर्गात खिडक्या उघड्या ठेवून. आणि शिक्षकांच्या खोलीकडे कुणी बघत नाही. मोठी माणसं तिथे बसून बोलतात, चहा पितात आणि एकमेकांना आजार देतात.

शिक्षकांवर एक ओझं कधीच टाकू नका: समोर वर्गातली मुलं आणि त्याच वेळी पडद्यावर घरची मुलं. आम्ही सहा आठवडे ते केलं. दोन्हीकडची मुलं शिकण्याच्या बाबतीत उपाशी राहिली आणि माझ्या चांगल्या शिक्षिका रडकुंडीला आल्या. घरून शिकणाऱ्यांसाठी 11 शाळांचे मिळून वेगळे शिक्षक काढा. मोठ्या कारभाराचा हाच तर फायदा आहे. बदली शिक्षक किती आहेत तेही आधी मोजा. माणसं कमी पडली म्हणूनही शाळा बंद होते.

तुकडी कधी घरी पाठवायची, शाळा कधी बंद करायची, कोण ठरवणार, आणि परत कधी उघडणार, हे शाळा उघडण्याआधी लिहून जाहीर करा. वाद चालू असताना घेतलेला निर्णय कुणालाच न्यायाचा वाटत नाही. पालकांना पत्र लिहाल तेव्हा 'सर्व आवश्यक खबरदारी घेतली आहे' असं लिहू नका, ते कुणी वाचत नाही. आमचं तिसरं पत्र असं होतं: "तुमच्या मुलाच्या वर्गात चार खिडक्या उघडतात. सकाळी दहा वाजता कार्बन डायऑक्साइडचा आकडा 760 होता. आजाऱ्यांची खोली दार क्रमांक 2 शेजारी आहे. आमच्याकडे अजून दोन बदली शिक्षक कमी आहेत." शेवटच्या वाक्यावर कार्यालयात बरीच ओढाताण झाली. मी ते ठेवलं. त्यानंतर फोन कमी झाले, आणि दोन निवृत्त शिक्षिका स्वतःहून आल्या.

एवढं करून शाळा उघडायचीच का, असं मला खूप जणांनी विचारलं. 1918 च्या इन्फ्लुएंझात न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी शाळा चालू ठेवल्या होत्या. दाटीवाटीच्या चाळींतल्या खोल्यांपेक्षा हवेशीर शाळेत, परिचारिकेच्या नजरेखाली मुलं बरी, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक साथीत ते लागू पडेलच असं नाही. साथ मुलांनाच जास्त मारणारी असेल तर गणित बदलतं. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता: शाळेत नसलेलं मूल नक्की कुठे असतं?

म्हणून शेवटचं काम पहिल्या दिवसाच्या संध्याकाळचं. जी मुलं आली नाहीत त्यांची नावं शाळावार काढा आणि त्याच संध्याकाळी फोन करा. फोन ज्या शिक्षकांना ते मूल ओळखतं त्यांनी करावा, कार्यालयाने नको. "का आला नाहीस?" असं विचारू नका. "तू कसा आहेस, घरी सगळे कसे आहेत?" एवढंच विचारा आणि थांबा. काही घरांत माणूस गेलेलं असतं आणि शाळेला ते कळवायचं कुणाला सुचलेलं नसतं. आमच्या यादीत पहिल्या संध्याकाळी 212 नावं होती. ती यादी आम्ही दर शुक्रवारी पुन्हा काढत होतो.