समायोजनाचा पेपर घेतलात? मग एक वही आणि एकच अडचण निवडा

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं की ‘समायोजनाचं मानसशास्त्र’ किंवा ‘वैयक्तिक विकास आणि समायोजन’ अशा नावाचा एखादा पेपर कुठल्या तरी सत्रात समोर येतोच. मी तो एक्केचाळिसाव्या वर्षी दिला. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग. नवरा मुंबईला नोकरीला, मुलगा बारावीला, घरात सासूबाई आणि मी. सासरे गेले, बागेचा व्यवहार माझ्याकडे आला आणि लग्नाआधी अर्धवट सुटलेलं कॉलेज मी त्याच वर्षी पुन्हा धरलं. वर्गातल्या मुली मला काकी म्हणायच्या. आता त्यांच्या धाकट्या बहिणी माझ्या वह्या मागायला येतात. वह्यांबरोबर जे तोंडी सांगते, ते एकदा लिहून काढते.

सुरुवात शब्दापासून करा. ‘जरा अ‍ॅडजस्ट कर’ हे आपल्याकडे कोणाला सांगतात? नव्या सुनेला. नाहीतर एसटीत दोघांच्या सीटवर तिसरा टेकायला आला की. म्हणजे अंग चोरून बसायचं आणि गप्प राहायचं. हा अर्थ डोक्यात धरून पुस्तक उघडलंत तर अख्खा पेपर उलटा वाचाल. मानसशास्त्रातलं समायोजन दोन्ही बाजूंनी चालतं. कधी आपण बदलतो, कधी परिस्थिती बदलतो, आणि दोन्ही जमत नसेल तर ती जागा सोडून दुसरी शोधतो. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहा. माझं ते पान सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं होतं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ह्यां आमकां कोणी सांगूक नाय गो.”

आता मुख्य काम. पहिल्याच आठवड्यात स्वतःची एक अडचण निवडा आणि सत्र संपेपर्यंत तीच धरून ठेवा. हा पेपर पाठ करून पास होता येतं, पण सहा महिन्यांनी हाती काही राहत नाही. एकाच अडचणीवर प्रत्येक धडा घासून पाहिलात तर धडेही लक्षात राहतात आणि अडचणही थोडी सैल होते.

निवडताना मात्र सांभाळा. घरातला मृत्यू, मोडायला आलेलं लग्न, लहानपणी झालेला अत्याचार असले विषय या वहीसाठी नाहीत, त्यांना माणूस लागतो. आठवड्यातून एकदा तरी घडणारी आणि मोजता येणारी लहान गोष्ट घ्या. ‘माझ्यात आत्मविश्वास नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यात कोण, कधी, कुठे यातलं काहीच नाही. माझं वाक्य होतं, ‘वाशीहून पट्टी कमी आली की दलालाला फोन करायला मला तीन-चार दिवस लागतात.’ माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, पट्टी म्हणजे किती पेट्या कुठल्या भावाने गेल्या आणि भाडं-हमाली वजा जाता हाती किती आले, याचा बाजारातून येणारा हिशेब. सासरे असताना फोन तेच करायचे. त्यांच्यामागे तो माझ्या वाट्याला आला आणि मी तो टाळत राहिले.

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर पुस्तकातलं, उजव्या पानावर आपलं. उजव्या पानावर उभ्या रेघा मारून सहा रकाने करा: दिवस, काय घडलं, मनात आलेलं वाक्य, अंगाला काय झालं, मी काय केलं, पुढे काय झालं. पहिले दोन आठवडे काहीही सुधारायला जाऊ नका, फक्त नोंद करा. हा टप्पा सगळ्या मुली गाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आधी किती होतं हेच ठाऊक नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे कशावरून सांगणार?

तिसऱ्या रकान्यासाठी अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचा. त्याने १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती या पेपरचा सर्वांत कामाचा भाग आहे असं माझं मत आहे. ती मराठी माणसापर्यंत नेण्यासाठी कि. मो. फडके यांनी आयुष्यभर काम केलं. मांडणी सोपी आहे. घटना आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये आपली एक समजूत बसलेली असते आणि त्रास मुख्यतः ती देते. आता हे माझ्या पानावर बघा. घटना: पाच डझनी चार पेट्या पट्टीत सहा डझनी म्हणून लागल्या. (पेटीत डझन जास्त म्हणजे फळ लहान आणि भाव कमी.) परिणाम: छातीत धडधड, फोन हातात घेऊन पुन्हा खाली, रात्री झोप नाही. मधली समजूत सापडायला मला आठ दिवस लागले. आधी वाटलं, मला भीती वाटते ती त्या माणसाच्या मोठ्या आवाजाची. पण लिहिता लिहिता खालचं वाक्य वर आलं: ‘मी विचारलं आणि त्याने पुढच्या वर्षी माल नको म्हटलं, तर लोक म्हणतील सासऱ्याने उभं केलेलं हिने घालवलं. आणि असं कोणी म्हणताच कामा नये.’

शेवटच्या वाक्यातलं ‘कामा नये’ अधोरेखित करा. एलिसचा सगळा रोख तिथे आहे. ‘म्हटलं नाही तर बरं’ ही इच्छा झाली, ‘म्हणताच कामा नये’ हा हट्ट. त्या हट्टाला एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर लेखी द्यायचं. याला पुरावा काय? एका पट्टीबद्दल विचारलं म्हणून दलालाने माल नाकारल्याचं मी कधी पाहिलंय का? नाही. समजा नाकारला, तर बाजारात दुसऱ्या दलालाचा गाळा नाही का? आहे. लोक बोलले, तर मी ते सहन करू शकत नाही का? सासरे गेल्यानंतरच्या सहा महिन्यांत लोक पुष्कळ बोलले होते आणि मी मोहोराला फवारणीही केली होती, परीक्षेचा फॉर्मही भरला होता. हे उत्तर लिहिलं तेव्हा माझा हात थांबला, कारण ते खरं होतं.

पुढचं प्रकरण ताणाचं. रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांची १९८४ची मांडणी नीट समजून घ्या, उत्तर लिहिताना तिचा खूप आधार होतो. ताण आला की आपण दोन गोष्टी जोखतो: यात माझं काय पणाला लागलंय, आणि माझ्या हाती करण्यासारखं काय आहे. हाती काही असेल तर समस्येवर काम करायचं, नसेल तर आपल्या भावनेवर. आंबेवाल्याला हे एका दिवसात कळतं. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस पडला तर आभाळाशी भांडता येत नाही. तिथे सासूबाईंशी बोलणं, देवासमोर बसणं, जरा रडून घेणं हेच काम. पट्टी चुकली तर मात्र रडून भागत नाही, तिथे फोनच करावा लागतो. माझी चूक अशी होती की पट्टीलाही मी अवकाळी पावसासारखी वागवत होते. तुमच्या अडचणीतली पट्टी कुठली आणि पाऊस कुठला, हे उजव्या पानावर वेगवेगळं लिहा. बहुतेक अडचणींत दोन्ही असतात.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने सांगितलेल्या ताणाच्या तीन अवस्था – धोक्याची सूचना, प्रतिकार, थकवा – एका हंगामाच्या आकृतीने लक्षात राहतात. मार्चमध्ये धावपळ, एप्रिलभर रेटा, मेअखेर अंग टाकणं. आयुष्यातल्या बदलांचा ताण मोजणाऱ्या होम्स आणि राहे यांच्या १९६७च्या मापनयादीत ४३ घटना आहेत, जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आणि लग्नाला ५०. आनंदाच्या बदलालाही गुण आहेत, एवढं मनात ठेवा आणि स्वतःचे गुण मोजून घाबरून जाऊ नका. मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड परीक्षेत काढा, पण त्याच्या १९४३च्या मूळ लेखात पिरॅमिड नाही हेही माहीत असू द्या.

बचावयंत्रणांचं, म्हणजे टोचणारं सत्य टाळायला मन ज्या युक्त्या करतं त्यांचं प्रकरण आलं की मात्र जपून. नवीन शब्द हाती आले की समोरच्यावर लावून बघण्याचा मोह होतो. गणपतीला नवरा घरी आला होता. बागेच्या खर्चावरून बोलणं चाललं असताना मी त्याला म्हणाले, “हे तुमचं प्रक्षेपण आहे.” म्हणजे आपल्या मनातलं दुसऱ्याच्या माथी मारणं. त्याचा चेहरा पडला आणि पुढचे दोन दिवस तो आरतीपुरताच माझ्याशी बोलला. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायच्या ऐवजी मी त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली होती. तेव्हापासून नियम केला, हे शब्द फक्त स्वतःबद्दल आणि फक्त वहीत वापरायचे. ‘आज रविवार आहे, उद्या करू’ हे माझं समर्थन, म्हणजे टाळण्याला दिलेलं पटेलसं कारण, त्याच वहीत सात वेळा सापडलं.

आता कृती. अल्बर्ट बांडुराने १९७७ साली सांगितलं की ‘मला हे जमेल’ हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः केलेलं यश, आपल्यासारख्याला जमलेलं पाहणं, कोणीतरी दिलेला धीर आणि शरीराची स्थिती. पहिली वाट सर्वांत बळकट. म्हणून अडचणीची शिडी करा. माझी चार पायऱ्यांची होती. आधी गॅसवाल्याला फोन करून सिलिंडर कधी येणार ते विचारलं. मग पेट्या पुरवणाऱ्याला, खिळे वर आलेल्या पेट्या बदलून द्या म्हणून. मग ट्रान्सपोर्टला भाड्याबद्दल. दलाल शेवटी. एकेका पायरीवर धडधड कमी होईस्तोवर थांबले, काही ठिकाणी चार-चार फोन लागले. बचत गटातली एक बाई बँकेत मॅनेजरसमोर कशी बोलते ते बघायला मुद्दाम तिच्याबरोबर गेले. ती घाईने बोलत नव्हती, एवढंच मला त्या दिवशी दिसलं आणि तेवढं पुरलं.

निश्चय मोघम ठेवू नका. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं बांधून ठेवलेलं काम पार पडण्याची शक्यता वाढते. माझं वाक्य: ‘पट्टीचा मेसेज आला की चहा ठेवायच्या आधी वही उघडून फरक लिहीन आणि अकरा वाजता फोन लावीन.’ बोलायची वाक्यंही लिहून ठेवा, तीनच. काय दिसलं, काय विचारायचंय, काय हवंय. मी लिहिलं होतं: ‘मंगळवारच्या गाडीत पाच डझनी बारा पेट्या होत्या. पट्टीत आठच पाच डझनी लागल्यात, चार सहा डझनी कशा झाल्या ते सांगा. चूक असेल तर पुढच्या पट्टीत फरक जोडून द्या.’

अकराला दहा कमी असताना सासूबाई माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “तो काय खाता काय तुका? कर फोन.” मी केला. आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला कमी. तिकडून उत्तर आलं की दोन पेट्यांत साका, म्हणजे फळाच्या आतला खराब गर, निघाला म्हणून त्या खाली गेल्या, बाकीच्या दोन बघून सांगतो. संध्याकाळी फोन आला, त्या दोन चुकून लागल्या होत्या. म्हणजे मी निम्मी बरोबर होते. हेही वहीत लिहिलं. ठामपणा म्हणजे आपलंच खरं ठरणं नव्हे हे पुस्तकात असतं, मला ते त्या दोन साक्याच्या पेट्यांनी शिकवलं.

परीक्षेचं थोडक्यात. एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. मी धडा त्याच दिवशी परतीच्या एसटीत, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, पुस्तक मिटून आठवून बघायचे. उदाहरण विचारलं की आपलं द्या, नाव-गाव गाळून.

वही कोणाला दाखवायची हे तुम्ही ठरवा. वर्गात अनुभव सांगायला सांगितलं आणि मन होत नसेल तर ‘मला नको सांगायला’ एवढं म्हणणं पुरे आहे. आणि लिहिताना दुःख आवरेनासं झालं, दोन आठवडे झोप-भूक उडाली, जगू नये असं वाटलं, तर वही बंद करून माणसाकडे जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आपल्याकडे कोणी डॉक्टरकडे गेलं की ‘आता रत्नागिरीला पाठवायला हवा’ म्हणतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. या एका वाक्यापायी किती जण उपचाराविना राहिले असतील! ते तुमच्या घरात कोणी बोललं तर ऐकून सोडू नका.

पेपर झाल्यावर एक काम उरतं. तेच सहा रकाने पुन्हा आखा आणि तीच अडचण पुन्हा मोजा. पुढच्या हंगामात मला चुकीच्या वाटलेल्या सात पट्ट्या आल्या. पाच वेळा फोन त्याच दिवशी गेला, दोनदा दुसऱ्या दिवशी. ते पान मी पहिल्या पानाला टाचून ठेवलंय, आणि वही मागायला आलेल्या मुलीला आधी ती दोन पानं उघडून दाखवते.