अंतरपाटाच्या क्षणी चित्र अडकू नये म्हणून

गिरगावातल्या लग्नांच्या डीव्हीडी मी डबल लेयर, म्हणजे डेटाचे दोन थर असलेल्या डिस्कवर देतो. लेझर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थांबतं. एकदा ते नेमकं ‘सावधान’वर थांबलं. वधूची आई काहीच बोलली नाही, फक्त रिमोट खाली ठेवला.

तेव्हापासून विधी संपून पंगत सुरू होते, त्या काळ्या फ्रेमवर ऑथरिंगमध्येच (डीव्हीडीचा मेनू-चॅप्टर बांधताना) चॅप्टर टाकतो, साधारण निम्म्या डेटापाशी. मग इमेजबर्न हे डिस्क बर्न करायचं सॉफ्टवेअर लेयर ब्रेकच्या, म्हणजे थर बदलायच्या, जागा दाखवतं, त्यातली हीच निवडायची. पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान नको आणि २०,८६,९१२ सेक्टरच्या (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या) आतच हवा. ब्रेकचा सेक्टर १६च्या पटीत लागतो, ते सॉफ्टवेअर जुळवतं. बर्न सावकाश करा. नंतर घरच्या जुन्या प्लेअरवर ब्रेकच्या आसपासची तेवढी दोन मिनिटं बघाच.