पहिला गुडघा चुकला, दुसरा जमला

माझा उजवा गुडघा ६८व्या वर्षी बदलला, डावा ७१व्या. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, बाईही तीच. तरी उजवा पाय मार्गी लागायला वर्ष गेलं आणि डावा चार महिन्यांत कामाला लागला. फरक पडला तो घरी आल्यावर मी काय केलं यानं. मधल्या काळात थोरल्या बहिणीचा खुबा मोडला, तोही बदलावा लागला. दीड महिना तिच्यासोबत राहिले, त्यामुळे खुब्याचे नियमही पाठ झाले. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, तेव्हा टेप माझ्या गळ्यातच असते आणि सगळं मापातच सांगणार. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर मात्र त्यांचंच ऐका. त्यांनी तुमचा गुडघा आतून पाहिलाय, मी नाही.

आधी घराचं माप घ्या

दवाखान्यात जायच्या आधीच एक खुर्ची ठरवून ठेवा. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंत पायाचं माप घ्या. माझं १६ इंच भरतं. खुर्चीची बैठक त्याहून दोनेक इंच उंच हवी आणि खुर्चीला हात हवेतच. उंची मोजायची ती कुणाला तरी बसवून, कारण मऊ गादी बसल्यावर तीन इंच खाली जाते. मी पहिल्या वेळी रिकामी खुर्ची मोजली, आणि घरी आल्या दिवशी त्या खुर्चीतून मला दोघांनी ओढून काढलं. पलंगालाही हाच हिशोब. कमोडवर बसवायची उंच सीट मिळते, ती आणून आधीच बसवून ठेवा.

पायपुसणी, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी उचला. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा हवा. माझ्याकडे जमिनीवर टाचण्या पडलेल्या असायच्या, त्या उचलायला दोरीला बांधलेलं लोहचुंबक होतं. तेच पुढे उभ्याउभ्या कात्री उचलायला कामी आलं. बाकीच्या वस्तूंसाठी लांब दांड्याचा चिमटा घ्या.

वॉकरची उंची कोणी बघत नाही. सरळ उभं राहा, हात सैल सोडा. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. त्याहून खाली असेल तर माणूस वाकून चालतो आणि आठ दिवसांत गुडघ्याऐवजी कंबर धरते.

उशी काढा

सगळ्या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. बदललेल्या गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही.

पहिल्या वेळी मी घरी आले, पाय ठणकत होता. बहिणीनं मायेनं गुडघ्याखाली एक मऊ उशी सरकवली आणि मला स्वर्ग मिळाला. सुजलेला गुडघा थोडा वाकलेला असला की आतला ताण कमी होतो, म्हणून बरं वाटतं. तीन आठवडे ती उशी हलली नाही. दिवसा मी गुडघा वाकवायचा व्यायाम मनापासून करत होते. भेटायला येणारा प्रत्येक जण 'किती वाकतो?' एवढंच विचारायचा. सरळ किती होतो, हे कोणीच विचारलं नाही. मीही पाहिलं नाही.

टाके काढल्यानंतर फिजिओथेरपीच्या ताईंनी कोनमापक लावला. सरळ व्हायला १० अंश कमी पडत होते. दिसायला १० अंश काहीच नाहीत. पण पाय पूर्ण सरळ होत नसेल तर तो आखूड असल्यासारखा वागतो, माणूस लंगडतो आणि उभं राहतानाही मांडीच्या स्नायूला सतत राबावं लागतं. ओल्या कापडावर पडलेली घडी वाळल्यावर तशीच बसते, तसं आहे हे. जखम भरताना आत जो नवा धागा तयार होतो, तो पाय ज्या स्थितीत ठेवाल त्या स्थितीत आटतो. ते १० अंश परत मिळवायला मला सात महिने लागले, आणि त्यातला प्रत्येक अंश दुखला.

म्हणून डाव्या गुडघ्याच्या वेळी उशी गेली टाचेखाली. खरं तर उशीही नाही, टॉवेलची घट्ट गुंडाळी. टाच तिच्यावर, गुडघ्याखाली पूर्ण मोकळं. पाच मिनिटं, मग हळूहळू दहा, दिवसातून चार वेळा. मागून ताण बसतो, तो नकोसा वाटतो, पण तोच हवा असतो. त्याच्या जोडीला मांडी आवळायची, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. घरच्या घरी तपासायला सोपी खूण आहे: पाय गादीवर लांब करा आणि गुडघ्याखालून तळहात सरकवून बघा. हात आरपार जात असेल तर काम बाकी आहे. रोज सकाळी तिथे किती बोटं मावतात ते मी वहीत लिहायची. तीन बोटं, तीन, अडीच, दोन. तिसऱ्या आठवड्यात बोट जाईना, तेव्हा नातवाला बोलावून दाखवलं.

वाकवणंही करायचंच. पायात मोजा घालून टाच गादीवरून स्वतःकडे ओढत आणा, थांबा, परत सोडा. सपाट चालायला साधारण ६५-७० अंश पुरतात, जिना उतरायला आणि खुर्चीतून उठायला ९०च्या आसपास किंवा पुढे लागतात. दोन आठवड्यांत ९०पर्यंत आलात तर गाडी रुळावर आहे. शेजारणीचा १२० झाला असेल तर तिला शाबासकी द्या आणि आपला टॉवेल गुंडाळा. महिना-दीड महिना होऊनही गुडघा ९०पर्यंत येत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अडकलेला गुडघा भूल देऊन मोकळा करता येतो, पण तो पहिल्या तीन महिन्यांत केलेला बरा.

गोळी, बर्फ आणि टेप

दुखायला लागल्यावर गोळी घेणं म्हणजे उसवल्यावर टाका घालणं. पहिले दोन-तीन आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच गोळी घ्या आणि व्यायाम तिच्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं करा. जास्त तेज गोळ्यांनी पोट हमखास साफ होत नाही. याची लाज वाटून मी चार दिवस गप्प बसले, तुम्ही बसू नका. पहिल्या दिवशीच सांगून त्यावरचं औषध घ्या.

व्यायाम करताना दुखणारच. थोड्या वेळानं शांत झालं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल आणि सूज वाढली असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. डाव्या गुडघ्याच्या बाराव्या दिवशी मला फार हुशारी आली. दुखत नव्हतं, म्हणून दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. संध्याकाळी वाटीच्या चार बोटं वर टेप लावली तर सकाळचे ४१ सेंटीमीटर ४४ झालेले. मग दोन दिवस निम्मं चालणं, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, आणि पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहणं. उशा पोटरी आणि टाचेखाली, गुडघ्याखाली नाही. तिसऱ्या सकाळी ४१.

सूज संध्याकाळी वाढते आणि सकाळी उतरते, हे काही महिने चालतं. गुडघा हाताला कोमट लागतो, तेही. पण पोटरी सुजून टणक झाली, दाबल्यावर दुखते, सकाळीसुद्धा उतरत नाही, असं झालं तर ते रक्ताच्या गाठीचं लक्षण असू शकतं. माझी पोटरी एकदा दुसरीपेक्षा साडेतीन सेंटीमीटर जास्त भरली. मुलगी म्हणाली, 'आई, चोळून देऊ का?' चोळायचं नसतं. त्याच दिवशी जाऊन सोनोग्राफी केली, गाठ नव्हती. फुकट चक्कर झाली म्हणून मला जराही वाईट वाटलं नाही. एकदम दम लागला, छातीत दुखलं तर टेप शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. रक्त पातळ ठेवायची गोळी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या. खुब्याला ती बहुधा गुडघ्यापेक्षा जास्त दिवस असते. जागेपणी दर तासाला पावलं वरखाली करायची. त्यानं पोटरीतलं रक्त फिरतं राहतं.

जखमेबद्दल थोडक्यात. तेल नाही, लेप नाही, कोणाचा घरगुती मलम नाही. लाली पसरायला लागली, पाणी-पू आला, ताप चढला, तर फोन करा आणि घरात उरलेली जुनी अँटिबायोटिक्स स्वतःच्या मनानं घेऊ नका. मधुमेह असेल तर साखर या दिवसांत जास्त काटेकोर सांभाळा. टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांत निघतात. मला पिना होत्या. आयुष्यभर कापडाला लावल्या, म्हणून त्या ओळीत लागल्यात की नाही हे मी आधी पाहिलं. लागल्या होत्या.

चालणं आणि जिना

वॉकर सुटला की काठी येते. काठी धरायची ती ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात. दुखऱ्या बाजूला धरावीशी वाटते, पण तसं केलं की अंग त्या पायावर कलतं. काठी आणि बदललेला पाय एकदम पुढे. वळताना टाच रोवून गिरकी घ्यायची नाही, छोटी छोटी पावलं टाकत फिरायचं.

जिन्याचा नियम ताईंनी एका वाक्यात दिला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना बदललेला आधी. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणत. खुर्चीत बसताना मागे सरत जा, बैठक पायाला लागली की बदललेला पाय थोडा पुढे काढा, हात मागे खुर्चीच्या हातांवर, मग बसा. धपकन नाही.

खुबा असेल तर

खुब्याला वाकवण्याची घाई नसते, उलट आवरावं लागतं. बहिणीचं ऑपरेशन मागच्या बाजूनं केलेलं होतं, म्हणून तिला तीन बंधनं होती: कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नाहीतर सांधा निखळू शकतो. ऑपरेशन पुढून केलं असेल तर नियम वेगळे असतात, काही डॉक्टर बंधनं कमीही ठेवतात. घरी यायच्या आधी 'मला काय मनाई आहे आणि किती आठवडे' हे लिहूनच घ्या.

बंधन मोडतं ते व्यायामात नाही, विसरभोळेपणात. बहीण एकदा खुर्चीत बसल्या बसल्या पायावरचं पांघरूण ओढायला खाली झुकली आणि मी ओरडले. कुशीवर झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी. बदललेला पाय कपड्यात आधी घालायचा आणि शेवटी काढायचा. मी तिला दोन पायजमे बाजूनं उसवून, बंद लावून दिले, वाकायची गरजच उरली नाही. चपला मागून बंद असलेल्या, पण लांब दांड्याच्या शूहॉर्ननं चढणाऱ्या घ्या.

रात्र

रात्रीबद्दल कोणी आधी सांगत नाही. दिवस बरा जातो आणि रात्री दोन वाजता कोणत्याच कुशीवर पाय ठरत नाही. दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात मी विनाकारण रडले. पहिल्या वेळी वाटलं, ऑपरेशन करून चूक केली. दुसऱ्या वेळी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं: 'तिसरा आठवडा, रडू येईल.' आलं. झोपायच्या आधी बर्फ आणि रात्रीची गोळी वेळेवर, यानं थोडं निभावतं. दिवसा लांब झोप काढू नका. सहा आठवड्यांनंतरही मन उचल खात नसेल तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं.

पुढे

पायमशीनवर मी दहाव्या आठवड्यात बसले, आधी दहा मिनिटं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढी जागा बधिर आहे. कातडीची बारीक नस कापली जाते म्हणून होतं ते. जिना चढताना आत कट्ट वाजतं, ते धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागल्याचं. दुखत नसेल तर वाजू दे. दाताच्या डॉक्टरांना मात्र कृत्रिम सांधा आहे हे प्रत्येक वेळी सांगा.

गुडघे टेकून जमिनीवर कापड बेतायची माझी सवय सुटली. टेकलं म्हणून सांधा मोडत नाही, पण बोचतं फार. आता टेबलावर बेतते. तरी एखादे दिवशी जमिनीवर जावंच लागेल, किंवा पडायला होईल, म्हणून चौथ्या महिन्यात डॉक्टरांना विचारून मुलीसमोर उठायची तालीम केली. खुर्ची भिंतीला टेकवायची, खाली जाड घडी अंथरायची, रांगत तिच्यापर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर. मग चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं, त्यावर आणि हातांवर भार देत वर. माझे आता दोन्ही बदललेले, त्यामुळे चांगला कुठला असा प्रश्न पडला. मुलगी म्हणाली, 'डावा घे, तो शहाणा आहे.'