कंबर धरली आणि सिव्हिल गाठायचंय : निघण्याआधी काय काय बघायचं

केळीचा घड उचलताना भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरते. तिच्यासाठी रात्री गाडी काढायची गरज नसते. पण निघायचं की थांबायचं हे ठरवण्याआधी पेशंटला नीट विचारा. शेवटची लघवी किती वाजता झाली? होताना कळली का? धुताना पाणी लागल्याचं जाणवतं का? जांघा, शौचाची जागा बधिर आहे का? चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, असं होतंय का? यातल्या एकाही बाबतीत नव्याने बिघाड झाला असेल तर सकाळची वाट पाहू नका. मणक्यातली गादी सरकून कमरेखालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

कमरेच्या दुखण्यासोबत ताप असेल, पेशंट पडलेला असेल, आधी कॅन्सर किंवा टीबी झालेला असेल, तरीही लगेच निघा. साठीपुढच्या माणसाला अचानक पाठ-पोट दुखून घाम फुटला, चक्कर आली, तर लगेच १०८ ला फोन करा.

चोळणं, कंबर बसवणं, पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं यातलं काहीही करू नका. पडून मार लागलेल्या माणसाला बसवू नका, मोटारसायकलवर तर अजिबात नेऊ नका.

पिशवीत आधार आणि रेशनकार्ड आधी टाका, महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्र तेच मागतात. जुन्या एमआरआयचा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही घ्या. चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आठवणीने. गावात इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचं नाव आणि वेळ कागदावर लिहून मागा. ते माहीत नसलं की डायक्लोफिनॅकवर (दुखणं कमी करणारं औषध) पुन्हा डायक्लोफिनॅक दिलं जातं आणि किडनीला, जठराला इजा होऊ शकते. पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर तेही लिहा, एमआरआयआधी ते विचारतात. ऑपरेशनची शक्यता वाटत असेल तर वाटेत जेवू घालू नका.

धडगाव, मोलगीकडून घाट उतरून नंदुरबारला यायचं असेल तर फोनवर आधीच विचारून घ्या, आज रात्री एमआरआय सुरू आहे का, मणक्याचे सर्जन आहेत का. एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवण्यातच तास जातात.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. नुसतं ‘कंबर दुखते’ म्हटलं की इंजेक्शन मिळतं आणि बाकावर बसवतात. ‘काल रात्री नऊपासून लघवी नाही, जांघ बधिर आहे’ असं जे खरं असेल तेच, वेळेसकट सांगा. पेशंट अहिराणी किंवा पावरीतच बोलत असेल तर मराठी नीट येणारा एक नातेवाईक शेजारी उभा ठेवा. लाजेने हीच तक्रार लपवली जाते, म्हणून बाईमाणसासोबत बाईच असावी.

मग डॉक्टरांना विचारा, पायांची ताकद आणि बधिरपणा तपासला का? लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफीवर बघणार का? एक्स-रेमध्ये हाड दिसतं, नस दिसत नाही. त्यामुळे तो नॉर्मल आला तरी बधिरपणाबद्दल पुन्हा विचारा. घरी सोडताना कशासाठी लगेच परत यायचं, ते केसपेपरवर लिहून घ्या.